मॉड्यूलची पुनर्बांधणी

पर्ल ह्या संगणकीय भाषेतील तयार सुट्या भागांचे, म्हणजे मॉड्यूल्सचे, ‘सीपॅन’ हे सार्वजनिक भांडार १९९५ साली खुले झाले. तेथून कोणालाही हवे ते मॉड्यूल थेट घेता येते. तरीही १९९३ साली आरंभ झालेल्या डेबियन ह्या लिनक्स-प्रणालीचे स्वयंसेवक त्यांतील हजारो मॉड्यूल्स आपल्या पद्धतीने पुन्हा बांधतात. परवाना तपासणे, कोणते मॉड्यूल कशावर अवलंबून आहे ते नोंदविणे, चाचण्या घेणे, ही कामे त्यात येतात. पुढे सुरक्षेचा दोष आढळल्यास दुरुस्ती एकाच ठिकाणी होते आणि ती सर्व संगणकांना उपलब्ध होते. नव्या आवृत्तीसाठी थांबावे लागते, ही ह्या व्यवस्थेची किंमत होय. थेट आणलेल्या मॉड्यूलची काळजी मात्र ज्याची त्यानेच वाहावयाची असते.