तळपायाची आग

‘तळपायाची आग मस्तकात गेली’ असं आपण रागाच्या भरात म्हणतो. पण काही मुलं ही आग खरोखरच सोसत असतात.

काही वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई माझ्याकडे आली. “डॉक्टर, हा रात्र-रात्र बर्फाच्या पाण्यात पाय घालून बसतो. बाहेर काढ म्हटलं की रडून घर डोक्यावर घेतो.” त्या वेळी पाय अगदी नेहमीसारखे दिसत होते. रक्ताच्या तपासण्याही ठीक आल्या. “शाळा बुडवायची असेल,” असं मी बोलून गेलो. मुलानं मान खाली घातली. आठ दिवसांनी तो चालत आला तेव्हा पाय लालबुंद आणि गरम होते. सतत पाण्यात राहून बोटांच्या बेचक्यांत जखमा झाल्या होत्या. चूक माझी होती.

या दुर्मीळ विकाराला एरिथ्रोमेलाल्जिया म्हणतात. हे नाव अमेरिकी डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी १८७८ मध्ये दिलं. ऊब लागली, मोजे घातले, खेळून आलं की पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कातडी लाल होते आणि भाजल्यासारखी आग होते. २००४ मध्ये चिनी संशोधकांनी याच्या आनुवंशिक प्रकारामागचा जनुकदोष शोधला. त्यामुळे वेदनेचा निरोप नेणाऱ्या मज्जातंतूंमधली सोडियमची दारं जरा निमित्त मिळताच उघडतात.

सर्वांना लागू पडेल असं एकच औषध नाही. लिडोकेनच्या पट्ट्या, कार्बामाझेपिन, मेक्झिलेटिन यांचा काहींना चांगला उपयोग होतो. मेक्झिलेटिन मूळचं हृदयाचं औषध, म्हणून आधी ईसीजी काढावा लागतो. मात्र बर्फाचं पाणी टाळाच. क्षणभर बरं वाटतं, पण कातडी कुजते, जंतुसंसर्ग होतो. त्यापेक्षा पंख्याचा वारा घ्यावा, पाय उशीवर उंच ठेवावेत.

त्या मुलाची बादली सुटायला कित्येक महिने लागले. शाळेनं बूट-मोज्यांऐवजी चपलांची परवानगी दिली, तीही औषधाइतकीच उपयोगी पडली.

पालकांना एकच सांगतो. पाय लाल झाले की लगेच फोटो काढून ठेवा, कारण दवाखान्यात ते साधेच दिसू शकतात. आणि मूल ‘आग होते’ म्हणालं, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. मी ठेवला नव्हता.