नर की मादी? पिल्लू घेण्यापूर्वी ओळखा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



अंड्यांसाठी 50 पिल्ले आणावीत, पाच महिने दाणा घालावा आणि निम्मे कोंबडे निघावेत, असा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला असेल. त्यात नशिबाचा दोष नाही. न निवडलेल्या पिल्लांत नर-मादी साधारण निम्मे निम्मेच असतात. बंदिस्त पद्धतीत अंड्यांच्या जातीचा पक्षी 20 आठवड्यांपर्यंत सुमारे 7 ते 8 किलो खाद्य खातो. 25 कोंबड्यांचा खर्च किती होतो, याचा हिशेब आपणच करावा.

लांबट अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी निघते, असे म्हणतात. काहीजण दोऱ्याला अंगठी बांधून पिल्लावर धरतात. यांना शास्त्रीय आधार नाही. पिल्लाचे लिंग कोंबडीकडून येणाऱ्या बीजावर ठरते, अंड्याच्या आकारावर नाही.

मग एक दिवसाचे पिल्लू ओळखता येते का? येते. त्याच्या तीन पद्धती आहेत.

1. शीटेचे द्वार तपासणे : ही पद्धत जपानमध्ये विकसित झाली. द्वारातील बारीक उंचवटा पाहून लिंग ठरवितात. हे काम प्रशिक्षित माणसाचेच आहे. घरी प्रयोग करू नये. नाजूक पिल्लाला इजा होऊन ते दगावते.

2. पंखांची पिसे : पंख अलगद उघडल्यावर पिसांच्या दोन ओळी दिसतात. खालची ओळ वरचीपेक्षा स्पष्ट लांब असेल तर मादी. दोन्ही सारख्या असतील किंवा वरची लांब असेल तर नर. मात्र ही खूण त्यासाठीच तयार केलेल्या संकरातच आणि पहिल्या एक-दोन दिवसांतच लागू पडते. गावरान पिल्लांवर ती वापरू नये.

3. रंग : ऱ्होड आयलंड रेड नर आणि बार्ड प्लायमाउथ रॉक मादी यांच्या संकरात नर पिल्लाच्या काळ्या डोक्यावर पांढरट ठिपका असतो, मादीच्या नसतो. नर-मादीच्या जाती उलट केल्यास ही खूण मिळत नाही.

गावरान पिल्लांसाठी पाच-सहा आठवडे थांबावे. एकाच वयाची, एकाच जातीची पिल्ले शेजारी ठेवून पाहावीत. नराचा तुरा मोठा व लाल होऊ लागतो, पाय जाड दिसतात. 10 ते 12 आठवड्यांनंतर नराच्या मानेवर आणि कमरेवर टोकदार, चकाकणारी पिसे येतात. मादीची पिसे गोलसर टोकाची असतात. ओळख पटताच जादा नर वेगळे करून मांसासाठी वाढवावेत व योग्य वजनावर विकावेत. अंडी उबवायची असतील तर 10 कोंबड्यांमागे एक चांगला नर ठेवावा. खाण्याच्या अंड्यांसाठी नराची गरजच नाही. नराशिवायही कोंबडी अंडी देते.

शेवटी खरेदीविषयी. पिल्ले निवडलेल्या माद्या आहेत की सरमिसळ, हे आधी विचारावे व पावतीवर लिहून घ्यावे. आठवडी बाजारात मिळणारी स्वस्त रंगीत पिल्ले बहुधा अंड्यांच्या जातीतील वगळलेले नर असतात. अंड्यांच्या आशेने ती घेऊ नयेत.

पिल्लू स्वस्त मिळाले म्हणून अंडे स्वस्त पडत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.