घड्याळाचा पट्टा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'माझी वाटचाल' असा विषय दिला होता. इंजिनिअरिंग, पुणे, कंपनी, कॉम्प्युटर. ते सगळं स्मरणिकेतल्या परिचयात दोन ओळींत मावलंय. मी आज घड्याळाच्या पट्ट्याबद्दल बोलणार आहे. मागच्या बाकावरचे हसतायत, त्यांची सवय अजून गेलेली नाही.

आमच्या अण्णांचं एचएमटीचं घड्याळ तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलंय. 'जनता', चावीचं. सकाळी देवपूजा झाली की अण्णा चावी द्यायचे, आणि त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही असा घरात नियम होता. दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. घड्याळ माझ्याकडे आलं. पुण्यात एका जुन्या घड्याळजींनी ते साफ करून चालू करून दिलं, पण पट्टा कामातून गेला होता. घामानं काळा पडलेला आणि भोकापाशी चिरलेला.

नवा पट्टा मी हौसेनं घेतला, झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्याचा. हल्ली बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. ते लवकर तयार होतं आणि पहिल्या दिवसापासून मऊ असतं. बाभळीची साल, हिरडा असलं वापरून कमवायचं म्हटलं की आठवडेच्या आठवडे जातात, आणि एवढं करून ते चामडं ताठच्या ताठ. आपल्या कोल्हापुरीचं असतं ना, तेच. नवी कोल्हापुरी चावते म्हणून आपण रडायचो, तशी मी चाळिशी उलटल्यावर पट्ट्यापायी रडकुंडीला आले. तो मनगटाला धरून वळेचना. दोन्ही बाजूंना पंखासारखा उभा राहायचा, घड्याळ मधे अधांतरी, आणि कीबोर्डवर हात ठेवला की बक्कल खालून रुतायचं. संध्याकाळी हातावर लाल वळ.

आता मी पडले सॉफ्टवेअरवाली. आमच्याकडे कुठलंही काम कालच व्हायला हवं असतं. मी पट्टा पाण्यात भिजवला, वाटीभोवती बांधला आणि केस वाळवायचा ड्रायर लावला. अर्ध्या तासात तो आखडला, तडतडला आणि उन्हात विसरलेल्या कुरडईसारखा कडक झाला. फेकून दिला. दुसरा आणला. तोही तसाच ताठ, पण आता हात लावायची भीती.

त्याच सुमाराला, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये, मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. आपला वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दोन दिवस पेटला होता, आठवतंय? आपली कला, आपली परंपरा, आपलं मानांकन. मीही लिहिलं, की २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याबरोबर सोलापूर जिल्हाही आहे, म्हणजे आपल्या गावातून नदी ओलांडली की झालं. माझ्या मेसेजला अंगठे आले. या सगळ्यात एक जण गप्प होता. ज्याच्या घरात चामड्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं, तो. आजोबांनी मोटा शिवल्या, विहिरींवर इंजिनं आणि मोटारी आल्या तसं ते काम गेलं, मग वडील चपला शिवायला बसले. त्याचं नाव मी घेणार नाही. त्यानंच तशी अट घातली आहे.

मी त्याला वेगळा मेसेज केला. सोबत पट्ट्याचा फोटो. पाच मिनिटांत फोन आला.

"पहिल्याचं काय झालं?"

मी सांगितलं. तो इतका हसला की मी फोन कानापासून लांब धरला.

"अगं, ओलं चामडं तापवलंस? मग शिजलं ते."

नंतर मी वाचून काढलं. सालीत कमावलेलं चामडं ओलं असताना सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास तापलं की त्यातले तंतू आखडतात, ते पुन्हा पूर्ववत होत नाहीत. त्याला अंश माहीत नव्हते. 'शिजलं' हे माहीत होतं.

मग त्यानं सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. पाणी लावायचं नाही. एरंडेल, बोटाच्या टोकाला लागेल एवढंच, तेही आतल्या बाजूनं. रात्रभर ठेवून सकाळी फडक्यानं पुसायचं. जास्त लावलं तर पट्टा लोळागोळा होतो आणि बाहीला डाग पडतात. रोज हातात घेऊन गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून वळवायचा, जाड पेनाभोवती गुंडाळायचा, पण घडी पाडायची नाही. घडी पडली की पुढं चीर तिथूनच जाते. घड्याळाच्या कडेला जिथं तो खाली वळायला हवा तिथं अंगठ्यानं दाबायचं. घरात अर्धा तास घालायचा, मग तासभर. ऑफिसला लगेच नाही. रात्री बांगड्यांच्या स्टँडला बांधून ठेवायचा, ही माझी भर. त्याला ती आवडली.

बोलता बोलता मी म्हटलं, जुन्या पट्ट्याला शेवटी दोन जास्तीची भोकं होती, अण्णांचं मनगट एवढं बारीक कधी झालं होतं? तो गप्प झाला. मग म्हणाला, "ती तुझी आहेत. अण्णा नवा पट्टा घेतला की आमच्या म्हाताऱ्याकडं यायचे. म्हणायचे, पोरीची दोन भोकं पाड."

दहावीच्या पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी अण्णांनी हातातलं घड्याळ काढून मला दिलं होतं. माझ्या हातात ते कोपरापर्यंत जायचं. 'जा, भोकं पाडून आण' म्हणाले. देवळापासून जरा लांब, रस्त्याकडेला लिंबाखाली त्याचे वडील बसायचे. त्यांनी पट्टा ठोकळ्यावर धरला, आरीनं दोन भोकं पाडली, माझ्या हातावर बांधून बघितली. पैसे घेतले नाहीत. "पेपर चांगला लिही बाळ," म्हणाले. शेजारी पोत्यावर हा बसला होता, दोऱ्याला मेण लावत. त्याचाही उद्या पेपर होता, आणि त्याच्या हातात घड्याळ नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. तेवढ्यात रस्त्यानं आपल्या वर्गातल्या दोघी येताना दिसल्या, आणि मी त्याला ओळखतच नाही असं दाखवून निघून आले. दहा वर्षं एका वर्गात होतो आम्ही. मी एकदाही त्याच्या घरी गेले नव्हते, आणि तोही कधी आमच्या ओट्याच्या वर आला नव्हता.

अण्णा मात्र इतकी वर्षं त्या लिंबाखाली जात राहिले, मी पुण्यात स्थायिक झाल्यावरही. मला ते कधी बोलले नाहीत.

फोनवर मी त्याला त्या दिवसाबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, "मला नाही बाई आठवत." थोडं थांबून म्हणाला, "तुझं मनगट मात्र चिमणीच्या पायाएवढं होतं."

हे इथं, तुमच्या सगळ्यांसमोर बोलू का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, बोल, नाव नको घेऊ, आणि लांबण लावू नको. पहिली अट पाळली आहे. दुसरीचं काय झालं ते तुम्ही बघताच आहात.

पट्टा आता साडेतीन आठवड्यांचा झालाय. हातावर बसतो. कडेला जरा उभा राहतो अजून. तो मित्र आज आलाय. कुठं बसलाय ते सांगत नाही, पण जेवणाच्या सुट्टीत तो पट्टा बघणार आहे. शेवटची दोन भोकं आत्ताच पाडायची की चामडं अजून सैल होऊ द्यायचं, ते तोच ठरवेल. आरी सोबत आणली आहे म्हणाला.