जहाज सुटायच्या आत

(नागपूर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘मिशनऱ्यांचा पत्रव्यवहार’ असा भरघोस छापला आहे. एवढा मोठा विषय तासाभरात आवरणारा नाही. म्हणून मी एकाच माणसाची तीन पत्रं घेतो. त्यांच्या तारखा आहेत १० नोव्हेंबर १५७९, २४ ऑक्टोबर १५८३ आणि ५ डिसेंबर १६०८. लिहिणारा थॉमस स्टीफन्स, म्हणजे आपण शाळेपासून ज्यांना ‘ख्रिस्तपुराण’वाले फादर स्टीफन्स म्हणतो ते. पहिलं पत्र वडिलांना, दुसरं भावाला आणि तिसरं रोममधल्या वरिष्ठांना. तिन्ही गोव्याच्या मुलखातून गेलेली.

आता महिने पाहा: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. हा योगायोग नाही. लिस्बनची जहाजं मार्च-एप्रिलमध्ये निघायची आणि सगळं नीट पार पडलं तर सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला लागायची. डिसेंबर-जानेवारीत परतीचं वारं मिळालं की ती मिरी भरून माघारी फिरायची. या दोन-तीन महिन्यांत काय लिहायचं ते लिहून घ्या, नाहीतर वर्षभर गप्प बसा. म्हणजे टपालाचं वेळापत्रक मोसमी वाऱ्याने ठरवलेलं होतं. डिसेंबर १६०८ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लवकरात लवकर १६१० च्या पावसाळ्यानंतर हाती यायचं. जहाज बुडालं तर तेही नाही. म्हणून महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन प्रती काढून त्या वेगवेगळ्या जहाजांवर चढवायची पद्धत होती.

स्टीफन्स जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचे. त्यांच्या संघात पत्र लिहिणं हा आवडीचा भाग नव्हता, नेमून दिलेलं काम होतं. संस्थापक इग्नेशियस लोयोला रोममध्ये बसून जगभर पसरलेल्या माणसांना पत्रांनीच बांधून ठेवत. त्यांच्या नावावर सुमारे सात हजार पत्रं आहेत. १५४२ मध्ये त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना शिस्त घालून दिली. मुख्य पत्र असं लिहावं की ते कुणालाही दाखवता आलं पाहिजे. आधी खर्डा करावा, तपासावा, मग पुन्हा लिहावं. भांडणं, तक्रारी, आजारपणं, मनातलं काय असेल ते वेगळ्या कागदावर. म्हणजे दाखवायचं पत्र निराळं आणि आतलं निराळं. सरकारी नोकरी केलेल्या श्रोत्यांना हे फार समजावून सांगायला नको.

हा माझा आजचा मुख्य मुद्दा आहे, म्हणून थोडा थांबतो. ही पत्रं युरोपात मठांतून जेवणाच्या वेळी मोठ्याने वाचली जात आणि काही छापलीही जात. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले. त्यांचं १५४४ चं एक पत्र पुढच्याच वर्षी पॅरिसला छापून निघालं. अशा पत्रात यश जरा ठळक होणारच. म्हणून ती वाचताना मी एक धोरण ठेवतो. जे ऐकायला श्रोते टपून बसले होते, ते सावधपणे घ्यायचं. जे कुणी विचारलंच नव्हतं आणि तरी कागदावर उतरलं, तिथे कान टवकारायचे. याच झेवियरांनी मोलुक्का बेटांवरून कळवलं आहे की सोबत्यांच्या पत्रांतून त्यांच्या सह्या कापून घेऊन त्या मी जवळ बाळगतो. हजारो धर्मांतरांच्या आकड्यांपेक्षा कात्रीने कापलेल्या त्या सह्या मला जास्त खऱ्या वाटतात.

आता पहिलं पत्र. स्टीफन्स विल्टशरचे, वडील लंडनचे व्यापारी. एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक असणं म्हणजे कायम संशयित असणं. मुलगा रोमला गेला, जेझुइट झाला आणि ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरला गोव्याला पोचला. दोन-अडीच आठवड्यांत वडिलांना पत्र! पण त्यात धर्म कमी आणि प्रवासच जास्त आहे. पाच जहाजं तुताऱ्या-तोफांच्या गजरात निघाली. जहाजांवर बायका-मुलंही होती आणि समुद्राची हवा ती पुरुषांपेक्षा बरी सोसतात, अशी नोंद आहे. उत्तर-दक्षिण जाणं सोपं, पण पूर्व-पश्चिम किती आलो हे ठरवायला आकाशात स्थिर खूण नाही, ही खलाशांची अडचण आहे. आणि तो आजार: हिरड्या इतक्या सुजतात की कापून काढाव्या लागतात, पाय सुजतात, अंग ठणकून बधिर होतं, हातपाय हलवता येत नाहीत, माणूस अशक्तपणाने जातो. जहाजावर दीडशेच्या वर आजारी आणि सत्तावीस मेले. इतर वर्षांच्या मानाने हे कमीच, असंही मुलगा लिहितो. बापाला धीर यावा म्हणून लिहिलं असेल तर तो धीर कितपत आला असेल, कोण जाणे.

बापाच्या हातातलं हे पत्र पुढे रिचर्ड हॅक्लुइटने १५८९ मध्ये आपल्या प्रवासवर्णनांच्या मोठ्या संग्रहात छापलं. हॅक्लुइट प्रोटेस्टंट पाद्री. जेझुइटाच्या आत्म्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याला हवा होता हिंदुस्थानचा जलमार्ग. घरगुती पत्र व्यापाऱ्यांच्या कामी आलं. १६०० अखेर ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली, त्याआधी लंडनच्या पेढ्यांवर जे वाचलं जात होतं त्यात मराठी पुराणकाराचं पत्र होतं.

स्टीफन्सच्या ओळखीपाळखीचा एक प्रसंग इथेच सांगतो. १५८३ मध्ये जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आणि त्यांचे सोबती हे इंग्रज ओर्मुझला पकडले जाऊन हेर म्हणून गोव्याच्या तुरुंगात पडले. परमुलखात आपली भाषा बोलणारा कोण? स्टीफन्स! त्यांच्या खटपटीने हे लोक जामिनावर सुटले. त्यांच्यातला चित्रकार स्टोरी गोव्यातच राहिला. न्यूबेरी आणि फिच संधी साधून पळाले, आणि फिच १५९१ मध्ये लंडनला पोचून पुढे कंपनीवाल्यांना सल्ला देऊ लागला. जामीन घ्यायला लावून पळणारे पाहुणे तेव्हाही होते.

दुसरं पत्र पॅरिसला, भाऊ रिचर्डला, लॅटिनमध्ये. हा भाऊ धर्मशास्त्राचा पंडित. पत्राचा मोठा भाग कुंकळ्ळीच्या घटनेने व्यापला आहे. जुलै १५८३ मध्ये गोव्याच्या साष्टीतल्या त्या गावी रोडॉल्फो अक्वाविवा आणि त्यांचे चार जेझुइट सोबती मारले गेले. हे रोडॉल्फो नुकतेच फतेपूर सिक्रीहून, अकबराच्या दरबारातून परतले होते. भावाला आणि भावाच्या मागे बसलेल्या सगळ्या कॅथलिक पॅरिसला हुतात्म्यांची हकीकत हवी होती. ती स्टीफन्सने दिली.

पण माझं धोरण सांगितलं ना? जे ऐकायला लोक टपले होते ते सावधपणे घ्यायचं. कुंकळ्ळीच्या गावकारांच्या देवळांचं आधी काय झालं होतं, हे त्यांच्या बाजूने सांगणारं पत्र युरोपला जाणं शक्यच नव्हतं. त्यांचा कागद कुठल्याच जहाजावर चढला नाही. पुढे बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून गावच्या नायकांना मारलं, ही आठवण गावाने चार शतकं तोंडी जपली आणि आता तिथे त्यांचं स्मारक उभं आहे. एकीकडे लॅटिन पत्र आणि दुसरीकडे गावची आठवण. इतिहास लिहिणाऱ्याने पहिल्याला पुरावा आणि दुसरीला दंतकथा म्हणून मोकळं होऊ नये. दोन्ही बाजूंना आपापले श्रोते होते.

आणि याच पत्रात ते कुणी न विचारलेलं वाक्य येतं. स्टीफन्स म्हणतो, इथल्या भाषा पुष्कळ आहेत, उच्चार कानाला वाईट लागत नाहीत आणि त्यांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. इथली अक्षरं म्हणजे एकेक उच्चारखंड असतो, आणि व्यंजनाला स्वर किंवा दुसरं व्यंजन जडलं की त्याचं रूप बदलतं, हेही त्याने टिपलं आहे. गोव्यात येऊन जेमतेम चार वर्षं झालेली! संस्कृत आणि युरोपीय भाषांचं नातं विल्यम जोन्सने कलकत्त्याला जाहीर केलं ते १७८६ मध्ये. दोनशे वर्षं आधी एका भावाने दुसऱ्याला ते जाता जाता कळवलं. पत्र ब्रुसेल्सच्या ग्रंथालयात जाऊन पडलं आणि त्या ओळींची कुणी दखल घेतली नाही.

असंच काम त्याच संघाची फ्रेंच माणसं अमेरिकेत करत होती. कॅनडातून पॅरिसला जाणारे त्यांचे वार्षिक वृत्तान्त १६३२ ते १६७३ पर्यंत दरसाल छापले जात. तिथेही वर्षाकाठी जहाजं, तिथेही हुतात्मे आणि तिथेही भाषा. ब्रेबफ नावाचा पाद्री १६३६ च्या वृत्तान्तात लिहून जातो की ह्युरॉन लोकांच्या बोलण्यात ओठ मिटून म्हणायची अक्षरंच नाहीत. तेरा वर्षांनी तो मारला गेला. ते सगळे कागद पुढे अमेरिकेत थ्वेट्स नावाच्या संपादकाने मूळ मजकूर आणि इंग्रजी भाषांतर समोरासमोर ठेवून त्र्याहत्तर खंडांत काढले, १८९६ ते १९०१ या पाच-सहा वर्षांत. एवढ्या खंडांचा हेवा वाटतो, खरं सांगायचं तर.

तिसरं पत्र माझ्या सर्वांत आवडीचं. ते आहे संघप्रमुख क्लॉडियो अक्वाविवांना. कुंकळ्ळीला मारल्या गेलेल्या रोडॉल्फोचे हे काका. स्टीफन्स आता साठीच्या घरात आलेला आणि गोव्यात एकोणतीस वर्षं काढलेला. तो मागणी करतो की या देशाच्या भाषेत आणि याच लिपीत पुस्तकं छापावीत अशी माझी कैक वर्षांची इच्छा आहे. मलबारात तसं झालं, इथे होत नाही. दोन अडचणी तो सांगतो. एक म्हणजे वरिष्ठांची परवानगी आणि पाठबळ हवं. दुसरी अशी की युरोपात चोवीस अक्षरांनी भागतं, इथे साचे लागतील सहाशे.

सहाशे! आकडा हवेतला नाही. चौतीस व्यंजनं धरा, बाराखडीने गुणा. चारशेआठ झाले. वर स्वर आणि रोजच्या वापरातली जोडाक्षरं घाला, सहाशेजवळ येता. खिळ्यांच्या छापखान्यात केससमोर उभं राहून ज्यांनी ‘क्ष’, ‘त्र’, ‘श्र’, ‘द्ध’ हुडकले आहेत, त्यांना स्टीफन्सचं दुखणं लगेच कळेल. म्हणजे या माणसाने कारागिराला बोलावून, बोटं मोडून हिशेब केला असणार. धर्मप्रसाराचं पत्र असं खिळ्यांच्या हिशेबावर आलं की माझा त्यावर विश्वास बसतो.

देवनागरी खिळे काही ओतले गेले नाहीत. १६१६ मध्ये राशोलला ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं ते रोमन लिपीत. जवळपास अकरा हजार ओव्या. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या तुम्हाला पाठ आहेत, म्हणून म्हणत नाही. पण मराठीची ती स्तुती पहिल्यांदा छापली गेली तेव्हा मराठी अक्षरांत नव्हती, हे विसरू नका. १६१९ मध्ये स्टीफन्स गेला. इंग्लंडला तो परत गेलाच नाही.

नागपूरकरांसाठी एक जोड देतो. आपल्या सदरमधली शाळा आणि सेमिनरी हिल्सवरचं कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते सेंट फ्रान्सिस डी सेल्स स्टीफन्सच्याच काळातले. तेही पत्रांचे बादशहा! त्यांचं गाजलेलं पुस्तक १६०९ मध्ये निघालं, तेही एका नातेवाईक बाईंना लिहिलेल्या पत्रांतूनच तयार झालेलं. ईश्वरप्रेमावरचा त्यांचा ग्रंथ १६१६ चा, म्हणजे ‘ख्रिस्तपुराणा’च्याच सालचा. १९२३ मध्ये पोपनी त्यांना लेखक-पत्रकारांचे पालक संत ठरवलं. त्याच साली विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला. संघाने त्यांना आजीव सभासद करून घ्यायला हरकत नव्हती.

सहाशे साच्यांचं पुढे काय झालं? कॅरेने १८०५ मध्ये श्रीरामपूरला मराठी व्याकरण देवनागरीत छापलं. मग मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमने अक्षरांचे तुकडे पाडून खिळ्यांची संख्या आटोक्यात आणण्याचे प्रयोग केले. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी तिथेच शिकले. याच अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट. आपल्या संतकवींची त्यांनी केलेली इंग्रजी भाषांतरं अनेकांनी पाहिली असतील. निवृत्तीनंतरच्या काळात त्यांना लंडनला, मार्सडेनच्या संग्रहात, ‘ख्रिस्तपुराणा’ची देवनागरी हस्तलिखितं सापडली. त्यांचा लेख १९२३ चा, पुन्हा तेच साल. जेझुइटाची पोथी अमेरिकन प्रोटेस्टंटाने उजेडात आणली.

अ‍ॅबट म्हणाले, हीच मूळ प्रत. कारण तिची भाषा छापील रोमन संहितेपेक्षा अधिक संस्कृतप्रचुर आहे. इतर अभ्यासकांना ते पटलेलं नाही. त्यांच्या मते कुणी तरी मागाहून रोमनवरून देवनागरी केली आणि करताना शब्द उजळले. १९०७ ची मंगळूरची सालढाणांची आवृत्ती रोमनमध्ये आहे. १९५६ ची पुण्याची बंडेलूंची देवनागरीत आहे. पण दोन्ही परंपरा ओवीला ओवी लावून कोणता पाठ आधीचा हे ठरवायचं काम पोथ्यांत मुरलेल्या माणसाचं आहे. आणि ते विदर्भात व्हावं असं मला वाटतं. महानुभावांच्या पोथ्या गोळा करून, एकेक पाठभेद तपासून वि. भि. कोलत्यांनी ‘लीळाचरित्र’ इथेच, नागपुरात सिद्ध केलं. हात बसलेला आहे. पहिला प्रसंग घ्या, शंभर ओव्या घ्या, आणि जिथे रोमन प्रतीत बोलीतला शब्द आहे तिथे मार्सडेन प्रतीत काय आहे एवढंच मांडा. तेवढ्याने निकाल लागणार नाही, पण वाद कशावर घालायचा ते तरी नक्की होईल. मूळ प्रत देवनागरी निघाली तर १६०८ च्या पत्राचा अर्थ थोडा बदलतो. मग त्या मागणीमागे नुसती हौस राहत नाही, देवनागरीत लिहून तयार होत आलेला ग्रंथ उभा राहतो.

वेळ झालेली दिसते. प्रश्न असतील तर जरूर विचारा.