चाळिशीतले काळीज, सत्तरीतले पाय
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाचा मला सराव नाही. पण चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून उभी आहे. आपण बहुतेकजणी चाळिशी-पन्नाशीच्या, तेव्हा आपल्याच वयाचा विषय घेते.

आपले काळीज मिनिटाला साधारण ७० ठोके देते, म्हणजे दिवसाला लाखभर. मेंदूपासून पोटरीपर्यंत रक्त पोचवणे हे त्याचे काम. रक्तदाब, रक्तातली साखर आणि चरबी वाढली, की रक्तवाहिन्या कडक व अरुंद होत जातात. हे दहा-वीस वर्षे मुकाट्याने चालते. दुखत नाही, खुपत नाही. साठी उलटल्यावर मात्र चार पावलांत पोटऱ्या भरून येतात, जिना चढताना दम लागतो, कोणाचे अर्धे अंग लुळे पडते. आपण म्हणतो, 'वयच झाले!' पण सारेच वयाचे नसते; पुष्कळसे चाळिशीतल्या दुर्लक्षाचे असते.

अमेरिकेत फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली आणि वर्षानुवर्षे चालू राहिली. रक्तदाब, चरबी व धूम्रपान यांनी हृदयरोग ओढवतो, हे त्यातून जगाला पटले.

माझ्या सासूबाईंना पन्नाशीत रक्तदाब निघाला. त्रास काहीच नव्हता, म्हणून गोळ्या सुटल्या. पासष्टीत डावे अंग गेले. साऱ्या घराचे पाणी ज्यांनी विहिरीवरून वाहिले, त्यांना आज न्हाणीपर्यंत जायला माझा हात लागतो. मला त्याचे कष्ट नाहीत; पण हात मागताना त्यांची मान खाली जाते, ते बघवत नाही. उलट आपल्या शेगावला पायी जाणाऱ्या दिंड्यांत साठी-सत्तरीच्या बाया झपझप चालताना आपण पाहतोच.

कोणी म्हणेल, 'आम्ही दिवसभर राबतो, आणखी चालायचे कशाला?' घरकाम वाया जात नाही. पण ओट्यापाशी उभे राहून पाय दुखतात, दमसास वाढत नाही. त्यासाठी भरभर चालावे लागते. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, अशी चाल हवी. आठवड्यात १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास.

मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी. पापड-लोणच्यातलेही त्यातच धरायचे. मिश्री, तपकीर, तंबाखू सोडायची. सर्वांना वाढून उरलेले संपवणे हा काही धर्म नव्हे, आणि पुरेशी झोप हा आळस नव्हे.

पाळी गेल्यावर आपल्याला हृदयरोगाचा धोका वाढतो. छातीत कळ आली नाही, तरी एकाएकी दम लागणे, घाम, मळमळ, जबडा वा पाठ दुखणे ही बायकांतली लक्षणे असू शकतात. ती 'पित्त झाले' म्हणून अंगावर काढू नका. १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवा.

तिशीपुढच्या स्त्री-पुरुषांची रक्तदाब व साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. आपल्या आशाताईंना विचारा. रक्तदाब पुन्हा पुन्हा १४०/९० वा अधिक आला, तर डॉक्टरांना दाखवा, आणि बरे वाटते म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

माझी एक सूचना आहे. दर महिन्याच्या भिशीआधी नर्सताईंना बोलावून प्रत्येकीचा रक्तदाब मोजावा व वहीत टिपावा. घरच्यांची दुखणी आपण तोंडपाठ ठेवतो. आपला आकडा किती जणींना ठाऊक आहे?

म्हातारपण टळत नाही. पण आपल्या पायांनी देवळात जाता येईल, नातवाला कडेवर घेता येईल, असे म्हातारपण मागायचे असेल, तर त्याची तयारी आजच हवी.