निकाल लागला, खटला उरला

निवडणुकीचा निकाल पटला नाही, तर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. ती हरलेल्या उमेदवारानंच करायला हवी असं नाही. त्या मतदारसंघातला साधा मतदारही करू शकतो.

आपल्या विलेपार्ल्याचंच बघा. डिसेंबर १९८७च्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू आमदार झाले. प्रचारात धर्माच्या नावावर मतं मागितली, असं म्हणत पराभूत उमेदवार प्रभाकर कुंटे कोर्टात गेले. १९८९मध्ये उच्च न्यायालयानं निवड रद्द केली. अपिलात सर्वोच्च न्यायालयानं तोच निर्णय कायम केला, पण कधी? ११ डिसेंबर १९९५ला! मधल्या काळात विधानसभेच्या दोन सार्वत्रिक निवडणुका होऊन गेल्या होत्या. आणि ज्यांच्या भाषणांवरून हे सारं घडलं, त्या बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार काही काळासाठी गेला, तो थेट १९९९मध्ये.