खारफुटीत कयाक

कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर क्रूझचं जहाज शार्लट अमेलीला लागतं. तिथून गाडीनं आग्नेय किनाऱ्यावरच्या खारफुटीच्या खाजणात जायचं आणि कयाकमध्ये बसायचं. पाणी उथळ, संथ. नवख्यालाही वल्हं जमतं. लाल खारफुटीच्या कमानदार मुळांत माशांची पिल्लं वाढतात. तळाशी एक जेलीफिश चक्क उताणी पडलेली दिसते. तिच्या अंगातलं शैवाल उन्हावर अन्न बनवतं, म्हणून हा थाट! सनस्क्रीन मात्र खनिजांचं घ्या; ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेलं तिथं २०२०पासून बंद आहे. दोघांच्या कयाकमध्ये मागच्यानं पुढच्याचा ताल धरायचा. नवरा-बायकोचं इथंच बिनसतं म्हणे. जहाजाच्या सहलीऐवजी स्वतंत्र गेलात, तर घड्याळ सांभाळा. उशीर झालेल्यांसाठी जहाज सहसा थांबत नाही.